दर रविवारी पडणारा वारा

अनुदानाचा अर्ज कसा भरावा हे ज्यांना शिकायचे असेल, त्यांनी खुशाल माझ्याकडे यावे. ही बढाई नव्हे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या आमच्या ग्रोसाय बेटावर कोणालाही विचारा. मेंढ्यांचे अनुदान, कुंपणाचे अनुदान, धक्क्याच्या दुरुस्तीचे अनुदान. गेल्या चाळीस वर्षांत या बेटावर जे जे सरकारी मदतीने उभे राहिले, त्याच्या कागदावर खाली ठळक अक्षरांत एकच सही आहे: हेक्टरिना मॅकास्किल. एडिंबराच्या कचेऱ्यांतले कारकून निवृत्त झाले, काही देवाघरी गेले, पण माझा एकही अर्ज परत आला नाही! त्यामुळे गावच्या हॉलसाठी पवनचक्कीचे अनुदान मिळवायचे ठरले, तेव्हा समितीच्या बैठकीत मी फक्त हात पुढे केला आणि म्हटले, "द्या तो कागद इकडे."

"आत्या, हे अनुदान जरा वेगळं आहे," टॉर्किल म्हणाला. टॉर्किल माझ्या भावाचा मुलगा. वय चोपन्न, समितीचा चिटणीस, आणि 'जरा' हा शब्द घातल्याशिवाय त्याचे वाक्य जन्माला येत नाही.

"वेगळं म्हणजे काय? पैसे देतात ना?"

"देतात, पण आधी वारा मोजून दाखवायचा. तीन महिने."

"वारा? ग्रोसायला?" मी इतकी हसले की समितीचे उरलेले चारही सभासद शिष्टाचार म्हणून हसले. आमच्या बेटावर एकही झाड नाही. माझ्या आजोबांनी सात लावली होती. त्यांतली दोन शेजारच्या बेटावर रुजली, असे सांगतात! अशा जागी वारा मोजून दाखवा म्हणणे म्हणजे समुद्राकडे ओलेपणाचा दाखला मागण्यासारखे होते.

परंतु हसण्यावारी नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. हॉलचा डिझेल जनरेटर शेवटच्या घटका मोजत होता, आणि हिवाळ्यात डिझेलची बोट येईलच याची खात्री नसे. नोव्हेंबरपर्यंत पवनचक्की उभी राहिली नाही, तर हॉलला कुलूप लावायचे, असे समितीने जड मनाने ठरवले होते. आणि कुलूप लागले की गुरुवार संपला! दर गुरुवारी बेटावरचे तेवीस म्हातारे-म्हाताऱ्या त्या हॉलमध्ये जमतात आणि मी केलेले मटण-बार्लीचे सूप पितात. त्यांतले निम्मे एकटे राहतात. पलीकडच्या खाडीवर राहणारा रूअरीदादा तर नव्वदीचा. तो गुरुवारी जे बोलतो तेवढेच आठवड्यात बोलतो. कुलपाची गोष्ट निघाली तेव्हा त्याने मला विचारले होते, "मग मी मेंढ्यांशी बोलायला लागू का, हेक्टरिना?" त्याला उत्तर देणे मला भाग होते, आणि ते उत्तर अर्जातूनच द्यायचे होते.

मार्चच्या पहिल्या सोमवारी मोजणीचे यंत्र बोटीने आले. लांब खांब, त्याच्या टोकाला तीन वाट्यांचे एक चक्र. माझ्या घरामागच्या टेकडीवर टॉर्किलने ते उभे केले, आणि उभे करताक्षणी ते असे गरगरू लागले की जणू स्वयंपाकघरातले डाव वेडे होऊन नाचत आहेत! खाली एका पेटीत वाऱ्याचा वेग आपोआप नोंदवला जाई. अर्जाच्या चौदाव्या कलमात लिहिले होते की, तीन महिने यंत्राला कोणीही हात लावणार नाही वा त्याला अडथळा आणणार नाही, याची हमी अर्जदार देत आहे. मी हमी दिली. ठळक अक्षरांत.

पहिले सहा दिवस सुरळीत गेले. सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, मी काळा कोट घालून चर्चला निघाले, टेकडीकडे पाहिले, आणि थांबले. यंत्र काम करत होते!

वाचकहो, ग्रोसायवर शब्बाथ पाळतात, म्हणजे देवाच्या वारी कोणतेही काम करत नाहीत. रविवारी आमच्याकडे कपडे वाळत घालत नाहीत, बटाटे शनिवारीच सोलून ठेवतात, मुलांच्या बागेतले झोके साखळीने बांधतात. आणि अशा पवित्र दिवशी, चर्चला जाणाऱ्या एकूण एक माणसाच्या डोळ्यांदेखत, समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या, म्हणजे माझ्याच, घरामागे एक यंत्र निर्लज्जपणे गरगरत होते! मर्डिनाने ते पाहिले. मर्डिना आमच्या बेटावरचे दुकान आणि पोस्ट दोन्ही चालवते. एकोणऐंशी वर्षांची आहे, माझी मैत्रीण आहे, आणि माझी चूक पाहिली की तिची तब्येत सुधारते.

"काय गं हेक्टरिना," ती चर्चच्या दाराशी म्हणाली, "नोकर ठेवलास वाटतं रविवारचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्किलला बोलावले.

"यापुढे शनिवारी संध्याकाळी ते यंत्र थांबवायचं. सोमवारी सकाळी सोडायचं."

"पण आत्या, वारा तर रविवारीही वाहतो."

"वारा देवाचा आहे, त्याला वाहू दे. यंत्र आपलं आहे."

"आणि चौदावं कलम? हात लावायचा नाही, असं जरा स्पष्ट लिहिलंय."

"तुला हात लावायला कोण सांगतंय? टोपी घाल."

त्याच आठवड्यात मी टोपी विणली. जाड काळी लोकर, कारण रविवारी रंगीत काही शोभत नाही. वर लोकरीचा गोंडा, खाली बांधायला दोन नाड्या. पहिल्या शनिवारी टॉर्किलने शिडीवर चढून ती त्या तीन वाट्यांवर चढवली, नाड्यांची गाठ मारली, आणि यंत्र असे गप्प झाले, जसे उपदेश सुरू झाल्यावर पहिल्या बाकावरचे मूल. लांबून पाहिले तर टेकडीवर कोणी बारीक चणीची विधवा प्रार्थना करत उभी आहे, असे वाटे. मर्डिनासुद्धा म्हणाली, "शोभतंय हो!"

असे बारा आठवडे चालले. मार्चच्या अखेरीस एका रविवारी असे वादळ झाले की माझ्या कोंबड्यांचे खुराडे कोंबड्यांसकट उडून मर्डिनाच्या अंगणात जाऊन बसले! शब्बाथला खुराडे उचलता येत नाही म्हणून ते सोमवारपर्यंत तिथेच राहिले. रविवारची अंडी मर्डिनाने ठेवून घेतली, हा विषय वेगळा. सांगायचा मुद्दा असा की त्या वादळातही टोपी हलली नाही. माझे विणकाम आहे ते!

जूनच्या सुरुवातीला टॉर्किलने यंत्राची सगळी नोंद अर्जासोबत पाठवून दिली. मी निश्चिंत होऊन गुरुवारच्या सुपासाठी नवे पातेले मागवले.

पंधरा दिवसांनी मर्डिना धापा टाकत माझ्या दारात आली.

"अगं, अनुदानवाल्यांचा दुकानात फोन आला होता! मिस हॅलिडे म्हणून कोणी आहे. मोठी गोड बोलते."

"काय म्हणाली?"

"विचारत होती, तुमच्याकडे रविवारी वारा पडतो हे खरं का?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"मला वाटलं, शहरातली पोरगी आपल्या शब्बाथची टिंगल करतेय. मी चांगली ठणकावली तिला! म्हटलं, बाई गं, आमच्या बेटावर रविवारी हलायची वाऱ्याचीसुद्धा छाती नाही!"

"मर्डिना!"

"तर ती म्हणाली, दर रविवारी? मी म्हटलं, माझ्या आजीच्या काळापासून!"

मी खुर्चीत बसले. मी दिवसा खुर्चीत बसत नाही. त्यावरून काय ते समजावे.

तीन दिवसांनी पत्र आले. पहिला रविवार सोडला तर उरलेले बाराही आठवडे, शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सात, वाऱ्याचा वेग शून्य. ज्या रविवारी संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावर वादळाने छपरे उडाली त्या रविवारीही शून्य! प्रथम कचेरीला यंत्र बिघडल्याचा संशय आला होता. मात्र स्थानिक पोस्टमास्तरीणबाईंनी या घटनेस दूरध्वनीवर दुजोरा दिल्यामुळे, मिस हॅलिडे स्वतः पाहणीस येत असून सोबत हवामानशास्त्राचे विद्वान डॉ. पेटिग्रू येत आहेत. या विलक्षण घटनेने ते अत्यंत भारावून गेले आहेत. दोघे शुक्रवारच्या बोटीने येतील आणि रविवार बेटावरच काढतील.

"आत्या," टॉर्किल म्हणाला, "आपण जरा मेलो."

"गप्प बस. पाहुणे कुठे उतरणार आहेत?"

"तुमच्याकडे. बेटावर पाहुण्यांना खोली देणारं दुसरं घर नाही."

चौदावे कलम आता माझ्या डोळ्यांसमोर नाचू लागले. टोपी घालणे म्हणजे अडथळा नव्हे, असे मी तीन महिने स्वतःला समजावले होते. ते समजावणे कसे होते ते आता समजले: माझ्या सहीखाली एक असत्य विधान होते! मी ठरवले की पाहुणे आले की सरळ कबूल करायचे. अनुदान गेले तर गेले. पण ते गेले तर गुरुवारही जाणार, आणि रूअरीदादा मेंढ्यांशी बोलणार, हे आठवले की कबुली पुन्हा लांबणीवर पडे.

शुक्रवारी ते आले. मिस हॅलिडे तिशीची, टापटीप, चष्म्यातून माणूस वाचणारी. डॉ. पेटिग्रू उंच, किडकिडीत, आणि बोलायला लागले की थांबण्याची कळ नसलेले. शुक्रवारी ते प्रवासाने दमले होते. शनिवारी दिवसभर दोघे बेट पालथे घालून आले, आणि रात्रीच्या जेवणाला मी मनाचा हिय्या करून चमचा खाली ठेवला.

"डॉक्टर, त्या यंत्राबद्दल मला तुम्हाला..."

"सांगू नका, मिसेस मॅकास्किल! मला कळलंय!" डॉ. पेटिग्रू उसळले. टॉर्किलला जोराचा ठसका लागला. "भरती-ओहोटी! भरती-ओहोटी आणि तुमच्या दलदलीची उष्णता, दोन्ही मिळून सात दिवसांचं चक्र पूर्ण करतात! मी तर 'ग्रोसायची साप्ताहिक वायुशांती' असं नावही दिलंय. विद्वत्सभेला पत्र लिहून पोस्टात टाकून आलो दुपारी!"

"दुपारी किती वाजता?" मी दचकून विचारले.

"तीन."

"डॉक्टर, माझं जरा ऐका..."

"आधी तुम्ही ऐका!" आणि ते सुपापासून पुडिंगपर्यंत ऐकवत राहिले. मिस हॅलिडे एकदा टॉर्किलकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. जेवणे आटोपली आणि टॉर्किलने मला स्वयंपाकघरात गाठले.

"आत्या, संध्याकाळी टोपी घातली की नाही, हे तुम्ही विचारलं नाही."

"घातलीस का?"

"घातली. सवयीने. काढू का?"

मी विचार केला. टोपी राहिली तर पाहुणे ती पाहणार, आणि अनुदान जाणार. टोपी काढली तर यंत्र शब्बाथला फिरणार, आणि मी खोटेपणावर खोटेपणाचा आणखी एक थर चढवणार. "राहू दे," मी म्हटले. "गाठ घट्ट आहे ना, तेवढं बघ."

रविवारी सकाळी उठून पाहते तो काय, वाऱ्याने बेट डोक्यावर घेतलेले! खिडक्या थडथडत होत्या, धुराड्यातून कोणीतरी ओरडत असल्यासारखा आवाज येत होता. डॉ. पेटिग्रूंनी मोठ्या उत्साहाने दार उघडले आणि त्यांची टोपी जी गेली ती गेलीच. ती बहुधा नॉर्वेला असेल. "अशक्य! हे अशक्य आहे!" असे म्हणत ते टेकडीवर निघाले, आधी दोन पायांवर आणि मग चार! मागोमाग मिस हॅलिडे. मागोमाग मी, कारण माझ्या घरून चर्चला जाण्याची वाट तीच होती.

वर पोचले तेव्हा डॉ. पेटिग्रू खांबाला मिठी मारून उभे होते आणि वर पाहत होते. वर माझी काळी टोपी. गोंडा वाऱ्याने ताडताड उडत होता. नाड्यांची गाठ फूलगाठ होती. टॉर्किलला नीटनेटकेपणाची आवड आहे. खालच्या वाटेने अख्खे बेट काळ्या कपड्यांत चर्चला चालले होते, आणि शब्बाथच्या शिस्तीनुसार एकही जण मान वळवून बघत नव्हता. मर्डिनाची मान तर इतकी सरळ होती की ती आखडली असावी.

"मिसेस मॅकास्किल!" डॉ. पेटिग्रू वाऱ्यावर किंचाळले. "हे काय आहे?"

"आज शब्बाथ आहे!" मी किंचाळले. "आज कामाचं बोलत नाहीत! उद्या!"

"पण ही टोपी..."

"उद्या!"

तो रविवार आयुष्यात विसरणार नाही. चर्चहून परतलो, आदल्या दिवशी शिजवलेले थंड मटण खाल्ले, आणि तिघेजण बैठकीच्या खोलीत उपदेशांची पुस्तके घेऊन बसलो. डॉ. पेटिग्रू दर पाच मिनिटांनी तोंड उघडत, मी चष्म्यावरून पाहिले की मिटत. झाकण उडू पाहणाऱ्या किटलीवर हात ठेवून बसल्यासारखे मला वाटत होते! मिस हॅलिडेने पुस्तक चेहऱ्यासमोर धरले होते आणि तिचे खांदे थरथरत होते. रागाने रडते आहे बिचारी, मी मनात म्हटले. सरकारी पैशाची फसवणूक झाली म्हणून. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर! दुपारी चारला मी मनातल्या मनात हॉलला कुलूप लावले. सहाला रूअरीदादाला मेंढ्यांशी बोलताना पाहिले.

सोमवारी सकाळी सातला टॉर्किलने टोपी उतरवली आणि आणून टेबलावर ठेवली. मी उभी राहिले.

"मिस हॅलिडे, यंत्राला कोणी अडथळा आणणार नाही अशी मी सही केली होती. ती सही खोटी ठरली. बारा आठवडे, माझ्याच हुकमावरून, ही टोपी घातली गेली. अर्ज रद्द करा. टॉर्किलला बोल लावू नका, तो फक्त शिडीवर चढला."

"शिडी जरा डगमगत होती," टॉर्किल पुटपुटला.

मिस हॅलिडेने टोपी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "मला एक सांगा. पवनचक्की बसवली तर रविवारी चालवणार का?"

"मुळीच नाही!"

"म्हणजे रविवारची वीज शून्य."

"शून्य."

"तुमच्या आकड्यांतही शून्यच आहे." तिने चष्मा काढला, आणि तेव्हा मला दिसले की काल ती रडत नव्हती. "बाईसाहेब, आठ वर्षं मी हे काम करतेय. प्रत्येक जण वारा फुगवून लिहितो. कागदावर जेवढी वीज असते, तिच्या निम्मी चक्कीतून निघाली तर नशीब! चक्की जेवढी चालणार तेवढाच वारा मोजणाऱ्या तुम्ही पहिल्या! आणि उरलेल्या दिवसांचा तुमचा वारा इतका आहे की एक सोडून दोन हॉल तापतील."

"आणि चौदावं कलम?"

"त्या कलमापुढे लिहा, खरं काय घडलं ते. स्वतःच्या हाताने. मग मी माझा शेरा मारते."

आणि चाळीस वर्षांत प्रथमच मी माझ्या अर्जावर खाडाखोड केली! 'अडथळा नाही' यावर रेघ ओढली आणि वर लिहिले: 'काळी टोपी, शब्बाथनिमित्त.'

"आणि माझं काय?" कोपऱ्यातून क्षीण आवाज आला. डॉ. पेटिग्रूंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. "ते पत्र! आता ते विद्वत्सभेत वाचलं जाईल! दलदलीची उष्णता! सात दिवसांचं चक्र!"

"तुम्ही तीनला टाकलंत ना?" मी म्हटले. "शनिवारी बारानंतर आलेलं पत्र मर्डिना थैलीत घालत नाही. ते रविवारी प्रवास करील म्हणून. तुमचं पत्र दुकानातच असेल."

डॉ. पेटिग्रू जेवढ्या वेगाने दुकानाकडे धावले, तेवढा वेग त्या यंत्राने तीन महिन्यांत नोंदवला नव्हता. मर्डिनाने पत्र परत दिले, वर एक स्कोनही, म्हणजे छोटा गोड पाव, दिला, आणि पैसे घेतले नाहीत. असे ती करत नाही. शब्बाथने एक माणूस वाचवला, याचा तिला अजून अभिमान आहे.

जुलैत मंजुरी आली. नोव्हेंबरच्या आत पवनचक्की उभी राहिली. तिला टोपीची गरज नाही. एक कळ आहे, ती टॉर्किल शनिवारी दाबतो. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी आमचा हॉल जन्मात पहिल्यांदा आतून गरम झाला! तेवीस जणांनी कोट काढले. रूअरीदादाचा कोट काढल्यावर आत आणखी एक कोट निघाला, तोही त्याने काढला, आणि अर्धा तास अखंड बोलला. मी सूप वाढले, उभी राहिले, आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. पूर्वी या प्रार्थनेच्या वेळी सगळे पाय आपटत असत. मी तो भक्तीचा आवेश समजत असे. आज मात्र पूर्ण शांतता होती. मी भारावून गेले. प्रार्थना लांबवली; बेट, बोटी, मेंढ्या, सरकार, मिस हॅलिडे, सर्वांसाठी देवाचे आभार मानले. "आमेन" म्हटले. उत्तर आले नाही. डोळे उघडून पाहते तो तेवीसच्या तेवीस माना खाली, ओठांवर समाधान, आणि रूअरीदादाच्या नाकातून बोटीच्या भोंग्यासारखा आवाज! सूप थंडगार, वर साय धरलेली.

"काय ही माणसं!" भांडी घासताना मी टॉर्किलला म्हटले. "उभ्या हॉलमध्ये मी एकटी तेवढी जागी!"

टॉर्किल बशी पुसत राहिला. मग म्हणाला, "आत्या, जरा सांगू का? मेंढ्यांनंतर आणि सरकारच्या आधी तुम्ही वीस मिनिटं थांबला होतात. उभ्या उभ्या. आणि जरा घोरतही होतात."

तो वाऱ्याचा आवाज असेल, असे मी त्याला ठणकावून सांगितले. आणि पुढच्या गुरुवारपासून प्रार्थना दोन वाक्यांची केली.